घराला अनुदान, जमिनीला नफा

रेल्वे स्थानकाजवळ सामान्य माणसाला परवडणारी घरे हवीत, त्यासाठी सरकारने घरामागे अनुदान द्यावे, आणि ते अपुरे पडत असेल तर वाढवावे. घरांच्या प्रश्नावरची आपली बहुतेक चर्चा गेली दहा वर्षे इथवर येते आणि इथेच थांबते. सत्तेत असलेले अनुदान जाहीर करतात, विरोधात असलेले ते वाढवून मागतात. अनुदान नेमके कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न दोघांपैकी कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, स्थानकाच्या परिसरात घरामागे दिलेले अनुदान घराला फारसे स्वस्त करत नाही. त्याचा मोठा भाग जमिनीच्या किमतीत मुरतो. सार्वजनिक पैसा खर्चायचाच असेल तर तो जमीन सार्वजनिक ताब्यात ठेवण्यावर आणि त्या जागेच्या पाणी, गटार, रस्ता, बस या सोयींवर खर्च व्हावा. त्याच्या बदल्यात तिथली घरे कायमची परवडणारी राहतील, अशी अट करारातच बांधून घ्यावी. पनवेलजवळचे सुकापूर समोर ठेवले तर हा मुद्दा जितका स्पष्ट होतो, तितका तो मंत्रालयातल्या सादरीकरणांत होत नाही.

सुकापूर अनुदानाशिवाय उभे राहिले

सुकापूर नवीन पनवेलला लागून, पनवेल–माथेरान रस्त्यावर आहे. पनवेल स्थानक दोन-तीन किलोमीटरवर. कारभार पालीदेवद ग्रामपंचायतीचा. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा हे गाव तिच्या हद्दीबाहेर राहिले. त्याआधी, 2013 मध्ये, नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी ‘नैना’ हे अधिसूचित क्षेत्र जाहीर झाले आणि या पट्ट्याचे नियोजन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे गेले. म्हणजे रोजचा कारभार ग्रामपंचायतीकडे आणि उद्याचा आराखडा सिडकोकडे. महापालिकेची हद्द शेजारीच, पण तिचा इथे अधिकार नाही.

या तिहेरी सीमारेषेवर गेल्या दोन-अडीच दशकांत इमारतींची रांग उभी राहिली. तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा पोलाद बाजार, न्हावा-शेव्याचे बंदर आणि हार्बरच्या लोकलने गाठता येणारी मुंबई, या सगळ्यांत राबणाऱ्यांनी इथे वन आरके आणि वन बीएचके घेतले. कारण सरळ होते. स्थानक जवळ आणि भाव सिडकोच्या सेक्टरांपेक्षा कमी.

कमी भावाची किंमत त्यांनी वेगळ्या रूपात मोजली. नवीन पनवेलच्या सेक्टरात घर घेणाऱ्याला रस्ता, जलवाहिनी आणि मलवाहिनी भूखंडासोबतच मिळते. सीमेपलीकडच्या इमारतींना या गोष्टी एकेक करून मिळवाव्या लागतात. पाणी कमी पडले की सोसायटी टँकरवर खर्च करते. स्थानक गाठायला शेअर रिक्षा आणि पावसाळ्यात खड्डे. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर सरकारी बँकेऐवजी चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचा दरवाजा. स्थानकाजवळचे घर गरिबाला बाजाराने दिले, पण नागरी सोयी वजा करून. हे विसरून घरामागे अडीच लाख की साडेतीन लाख हा वाद घालणे म्हणजे भोकाच्या रांजणात किती हंडे ओतायचे यावर भांडणे आहे.

पहिला मुद्दा: सर्वांत मोठे अनुदान म्हणजे रेल्वेमार्ग

अनुदान म्हटले की लाभार्थ्याच्या खात्यात जमा होणारी रक्कम डोळ्यांपुढे येते. पण स्थानकाजवळच्या जमिनीला तिच्यापेक्षा कितीतरी मोठे अनुदान आधीच मिळालेले असते, ते म्हणजे खुद्द रेल्वेमार्ग. मानखुर्द–वाशी लोकल 1992 मध्ये सुरू झाली आणि 1998 पर्यंत हार्बर मार्ग पनवेलला पोहोचला. नवी मुंबईतल्या या मार्गांच्या खर्चाची वाटणी देशात वेगळी होती. सिडकोने 67 टक्के भार उचलला आणि रेल्वेने 33 टक्के. सिडकोचा पैसा आला जमीन विकून. मार्ग येणार म्हणून जमिनीचे मोल वाढणार आणि वाढलेल्या मोलातून मार्गाचा खर्च निघणार, असे ते गणित होते. देशातल्या इतर शहरांनी ‘मूल्यप्राप्ती’ हा शब्द ऐकला त्याच्या कितीतरी आधी नवी मुंबईने तो अमलात आणला होता, आणि याचे श्रेय सिडकोला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

मात्र सिडकोच्या हद्दीबाहेर हे गणित लागू झाले नाही. पनवेल स्थानकामुळे सुकापूर, विचुंबे, देवद, आकुर्ली या गावांतल्या जमिनीचेही मोल वाढले. ती वाढ निर्माण झाली सार्वजनिक खर्चातून, पण तिच्यातला एक रुपयाही त्या गावांच्या पाण्यासाठी किंवा गटारासाठी बाजूला निघाला नाही. काही वाढ शेतकऱ्याला मिळाली. मोठा भाग मात्र वेळेवर सातबारा आपल्या नावे करून घेणाऱ्यांकडे गेला.

हेच आता मोठ्या प्रमाणावर घडते आहे. नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर–पेंधर टप्पा नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाला, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये, त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत गेली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग नैनाच्या भूमीतूनच जातो. चिखले आणि मोहोपे ही त्यावरची स्थानके. यांतल्या प्रत्येक घोषणेच्या दुसऱ्या दिवशी सुकापूरच्या रस्त्यावरच्या फलकांवर नवा भाव चढतो. घर तेच असते आणि वीटही बदललेली नसते.

दुसरा मुद्दा: अडीच लाखांचे वजन किती?

प्रधानमंत्री आवास योजना जून 2015 मध्ये सुरू झाली. तिच्या भागीदारी घटकात आर्थिक दुर्बल गटाच्या घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. सिडकोने या योजनेची आपली घरे मुद्दाम रेल्वे स्थानके, बस आगार आणि ट्रक टर्मिनलच्या आवारात आखली. हा विचार उत्तम होता. स्थानकापासून चालत जाता येईल असे घर ज्याला सर्वांत गरजेचे आहे, त्याच्यासाठी जागाही तिथेच निवडली गेली.

मग जानेवारी 2025 मध्ये 26 हजार घरांच्या योजनेच्या किमती जाहीर झाल्या. आर्थिक दुर्बल गटासाठी तळोज्यात सर्वांत कमी किंमत होती 25.1 लाख. त्याच गटासाठी खारघर बस आगाराजवळचे घर 48.3 लाखांचे. दोन्ही ठिकाणे पनवेल तालुक्यातली, बांधणारी संस्था एक, योजनेनुसार चटई क्षेत्राची मर्यादा दोन्हीकडे 30 चौरस मीटर. सिमेंट, सळई आणि मजुरी एका तालुक्यात दुप्पट होत नाही. 23 लाखांचा हा फरक मुख्यतः जागेचा आहे.

अडीच लाखांचे अनुदान या फरकाच्या नवव्या हिश्श्याएवढे. खारघरच्या त्या किमतीत ते साधारण पाच टक्के भरत होते. उत्पन्नाच्या कमाल मर्यादेवरचे, म्हणजे वर्षाला सहा लाख मिळवणारे कुटुंब घेऊ. अनुदान धरले, नातेवाईक आणि दागिने मिळून आठ लाख उभे केले, तरी सुमारे 38 लाखांचे कर्ज उरते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता महिन्याला 33 हजारांच्या आसपास जातो. महिन्याचे उत्पन्न 50 हजार. यातून भाजीपाला, शाळेची फी, औषधपाणी आणि सोसायटीचा देखभाल खर्च भागवायचा. दुर्बल गटातल्या सर्वांत सबळ कुटुंबाची ही स्थिती, मग 20 हजारांवर काम करणाऱ्या सुरक्षारक्षकासाठी ही योजना नाहीच. सोडतीत नाव लागूनही घर परत करणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांच्या मनाच्या चंचलतेत कारण शोधू नये, या आकडेमोडीत शोधावे.

उलट बाजूचा पुरावाही इथलाच आहे. उलव्यातल्या बामणडोंगरी प्रकल्पातली दुर्बल गटाची घरे महाग पडतात अशी ओरड झाली, तेव्हा 2023 साली सरकारी निर्णयाने त्यांची किंमत सुमारे सहा लाखांनी खाली आणली गेली. केंद्र आणि राज्याचे एकत्रित अनुदान जे साधू शकले नाही, ते किंमत ठरवण्याच्या एका निर्णयाने दुपटीहून अधिक प्रमाणात साधले. सार्वजनिक संस्थेच्या जमिनीवर परवडण्याची किल्ली त्या संस्थेच्याच हातात असते, हे इथे सिद्ध झाले. पण तो निर्णय एका प्रकल्पापुरता, लोकांनी आवाज उठवल्यावर घेतलेला होता. त्यातून नियम तयार झाला नाही.

खाजगी जमिनीवर तर अनुदान आणखी लवकर विरते. स्थानकाजवळची जमीन मोजकी असते आणि मागणी वाढली म्हणून ती वाढत नाही. ग्राहकाच्या हातात दोन-तीन लाख जास्त आले की विकणारा ते ओळखतो. पुढचा प्रकल्प उभारणारा बिल्डर ती रक्कम धरूनच जमिनीला बोली लावतो. आवास योजनेच्या व्याज-सवलत घटकात हे जाहिरातींमध्येच दिसत होते. सरकारी सवलत वजा करून ‘तुम्हाला पडणारी किंमत’ ठळक छापलेली असे आणि मूळ भाव जागचा हलत नसे.

तिसरा मुद्दा: पहिल्या मालकानंतर काय?

समजा, अनुदानाचे घर खरोखर स्वस्तात मिळाले. ते किती काळ स्वस्त राहते? विक्रीबंदीची ठरावीक वर्षे संपली की ते बाजारभावाने विकता येते. पहिल्या कुटुंबाचा फायदा होतो आणि तो त्याने का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यानंतर स्थानकाजवळचे ते घर परवडणाऱ्या घरांच्या साठ्यातून कायमचे बाहेर जाते. दुसऱ्या कुटुंबासाठी सरकारला पुन्हा जमीन, पुन्हा अनुदान आणि पुन्हा सोडत. तोवर स्थानकाजवळची जमीन संपलेली असते आणि नवा प्रकल्प आणखी आत सरकतो. घर दूर गेले की सकाळच्या रिक्षाचा, बसचा आणि वेळेचा खर्च वाढतो, आणि तो कोणत्याच अनुदानात धरलेला नसतो.

सिंगापूरने या पेचावर अलीकडे उत्तर काढले आहे. मेट्रो आणि मध्यवर्ती सोयींजवळच्या सरकारी घरांवर तिथे जास्त सवलत मिळते. पण त्या घरांना दहा वर्षे राहण्याची अट आहे, आणि पुढे विक्री झाली की किमतीचा ठरलेला हिस्सा सरकारला परत जातो. तिथली घरे मुळात 99 वर्षांच्या पट्ट्यावर असतात. कॅलिफोर्नियात 2014 पासून प्रदूषण परवान्यांच्या लिलावातून येणाऱ्या पैशाचा एक वाटा वाहतूक सोयींजवळच्या घरांना अनुदान म्हणून दिला जातो. तिथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एकाच प्रस्तावात घरे, पदपथ, सायकल मार्ग आणि बससेवा यांसाठी पैसा मागता येतो. आणि भाड्याची ती घरे 55 वर्षे अल्प उत्पन्न गटासाठी राखण्याची हमी द्यावी लागते. अनुदान मिळते जागेला, आणि त्याच्या बदल्यात दोन पिढ्यांपुरते बंधन घेतले जाते.

पैसा कुठे घालावा

यासाठी परदेशी नमुन्याची नक्कल करण्याची गरज नाही. मुंबई प्रांताचा नगररचना कायदा 1915 चा, देशातला पहिला. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथले आखीव रस्ते त्या कायद्याखालच्या योजनांमधून आले. आजच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही, योजनेमुळे जमिनीच्या मोलात झालेल्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची सोय आहे. योजनेतली काही जमीन दुर्बल गटाच्या घरांसाठी राखता येते. नैनात याच कायद्याने नगररचना योजना राबवल्या जात आहेत. मालकाकडे 40 टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून राहते, उरलेली रस्ते, मैदाने, सार्वजनिक सुविधा आणि इतर भूखंडांसाठी सिडकोकडे येते. म्हणजे भाव पूर्ण चढण्याआधी सार्वजनिक ताब्यात जमीन येण्याची ही वेळ आहे, आणि ती पुन्हा येणार नाही.

माझी सूचना अशी. चिखले, मोहोपे आणि पनवेल या स्थानकांपासून चालत किंवा एका छोट्या बसप्रवासात गाठता येईल अशा सार्वजनिक भूखंडांपैकी ठरलेला वाटा विक्रीतून कायमचा वगळावा. तो सिडकोच्या किंवा स्वतंत्र सार्वजनिक न्यासाच्या मालकीचा राहावा. त्यावर बांधकाम खर्च आणि देखभाल एवढ्याच हिशेबाने भाड्याची व दीर्घ पट्ट्याची घरे उभी राहावीत. पट्ट्याचे घर सोडणाऱ्याला त्याने भरलेली रक्कम महागाईच्या दराने वाढवून मिळावी आणि घर त्याच दराने पुढच्या पात्र कुटुंबाला जावे. केंद्र-राज्याच्या अनुदानाची रक्कम घरामागे वाटण्याऐवजी या भूखंडांपर्यंतच्या जलवाहिनीला, मलनिस्सारणाला, पदपथाला आणि बसला लावावी.

सुकापूरसारख्या आधीच उभ्या राहिलेल्या वस्तीसाठी तर हा पैसा अधिकच उपयोगाचा आहे. इथे परवडणारी घरे बांधण्याची गरज नाही, ती आहेत. त्यांना सांडपाणी प्रक्रिया हवी, म्हणजे गाढी नदीवरचा भार कमी होईल. पुरेसे पाणी हवे. पनवेल स्थानकापर्यंत दर दहा मिनिटांनी बस आणि अंधारातही बाईला निर्धास्त चालता येईल असा दिव्यांचा पदपथ हवा. एका नव्या घरामागे दिले जाणारे अनुदान अशा सोयींत घातले तर त्याचा लाभ सोडतीत घर न लागलेल्या शेजाऱ्यांनाही मिळतो. सोयी सुधारल्या की इथलेही भाव वाढतील आणि भाडेकरू बाहेर ढकलला जाईल, हा धोका मी नाकारत नाही. म्हणूनच सोयी आणि राखीव भूखंड ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत, असा माझा आग्रह आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सिडकोच्या बाजूचा. सिडको स्वतःच्या उत्पन्नावर चालते. जमीन बाजारभावाने विकली नाही तर मेट्रो, रस्ते आणि धरणे कशातून बांधायची? आक्षेप खरा आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. दुर्बल गटाच्या घराच्या किमतीत जमिनीचा चढा भाव लावणे म्हणजे मेट्रोचा खर्च ज्याचे उत्पन्न सर्वांत कमी त्याच्याकडून वसूल करणे. वाशी, खारघर, सीवूड्समधले व्यापारी भूखंड आहेत, वाढीव चटई निर्देशांकाचे अधिमूल्य आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे एप्रिल 2022 पासून मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे. तोही घर घेणाऱ्याच्या खिशातून जातो. वर्षानुवर्षे मोकळा भूखंड धरून बसलेल्याला तो द्यावा लागत नाही. वसुली त्याच्याकडे वळवणे कठीण असेल, पण न्यायाचे तेच आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आता नैनात 60 टक्के जमीन सोडा म्हणायचे आणि वर मूल्यवाढीचा हिस्साही मागायचा? नाही, त्याच्याकडून मागू नये. मूळ खातेदाराच्या भूखंडावर, तो त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असेतोवर अंशदान माफ असावे. पुढच्या व्यापारी खरेदीदाराकडून ते घ्यावे, कारण स्थानकाची बातमी आधी कळणे हेच त्याचे भांडवल असते. आणि 60 टक्क्यांतून आलेली जमीन शेवटी चढ्या बोलीने बिल्डरला गेली, तर शेतकऱ्याचा संताप योग्यच ठरेल. ती गावातल्याच भूमिहीन शेतमजुराच्या, आगरी-कराडी कुटुंबातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलाच्या आणि सुकापुरात भाड्याने राहणाऱ्या कामगाराच्या घरासाठी राखली, तर त्या त्यागाला अर्थ उरतो.

तिसरा आक्षेप मध्यमवर्गातून येतो. श्रीमंताने घर विकून नफा कमवायचा आणि गरिबाने मात्र ठरलेल्या दरानेच सोडायचे, हा कुठला न्याय? यात तथ्य आहे, म्हणून मालकीची सगळीच घरे बंधनात घालावीत असे मी म्हणत नाही. बंधन फक्त सार्वजनिक जमिनीवरच्या, सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या घरांना. ते न मानणाऱ्याला बाजार मोकळा आहे. सिडकोची जमीन आजवर दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानेच दिली जाते. त्यामुळे अट घालण्याचे साधन करारात आधीपासून आहे. राजकीय मागणी मात्र जमीन फ्रीहोल्ड करण्याची आहे. जुन्या सोसायट्यांसाठी ती समजण्यासारखी आहे. पण स्थानक आवारातल्या नव्या गृहप्रकल्पांनाही ती लागू केली, तर पुढच्या पन्नास वर्षांत किमतीवर लगाम ठेवण्याचे हे एकमेव साधन आपण स्वतःच्या हाताने टाकून देऊ.

भाड्याची सरकारी घरे आपल्याला सांभाळता येत नाहीत, भाडे थकते, इमारती मोडकळीला येतात, असेही म्हटले जाईल. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांचा अनुभव पाहता ही भीती पोकळ नाही. उपाय म्हणजे देखभाल निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवणे आणि व्यवस्थापन रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे देणे. सहकाराची परंपरा महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही.

नैनातल्या योजनांचे अंतिम भूखंड ठरवण्याचे काम सध्या चालू आहे. कोणता तुकडा विक्रीचा, कोणता शाळेचा, कोणता दुर्बल गटाच्या घरांचा, हे नकाशावर एकदा छापून अधिसूचित झाले की बदलायला वर्षे लागतात. चिखले स्थानकाभोवतीच्या भूखंडांची यादी ग्रामसभांपुढे वाचली गेली पाहिजे, आणि प्रत्येक भूखंडापुढे तो कोणासाठी व किती वर्षांसाठी, हे लिहिलेले असले पाहिजे. पालीदेवद, विचुंबे आणि आकुर्लीच्या ग्रामसभांनी ही मागणी ठराव करून सिडकोकडे पाठवावी. आमदार-खासदारांनी अनुदान वाढवून आणल्याचे फलक लावण्याआधी या यादीवर सिडकोची सही मिळवावी.